सोलरचं अनुदान आपल्या मोहल्ल्यापर्यंत कसं पोचेल?

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मशिदीवर सोलर बसवायचंय, सरकार किती देतं?" आमच्याकडेही हाच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतो. कुणी मदरशाचे विश्वस्त असतात, कुणी सोसायटीचे सेक्रेटरी. कुणाच्या घराचं बिल उन्हाळ्यात अंगावर आलेलं असतं. सरकार पैसे देतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते कुणाला देतं आणि कशासाठी देतं, हे मात्र फार थोड्यांनी विचारलेलं असतं.

इथेच गाडी घसरते. मशिदीसाठी अर्ज करायला गेलेला माणूस "होत नाही" एवढं ऐकून परत येतो आणि मोहल्ल्यात बातमी पसरते की आपल्याला काही मिळत नाही. त्याच मोहल्ल्यातल्या पन्नास घरांना आणि चार सोसायट्यांना मिळू शकणारी रक्कम मग मागितलीच जात नाही. आमचं म्हणणं सरळ आहे. योजनेचा दरवाजा घर आणि सोसायटी यांच्यासाठी उघडा आहे. जमातीने स्वतःच्या इमारतीसाठी खेटे घालण्याआधी मोहल्ल्यातल्या घरांचे अर्ज नीट भरून दिले, तर पैसा येईल. आणि ज्यांना हा दरवाजा आजही बंद आहे, त्यांच्यासाठी बोलायला जमातीच्या हातात आधार असेल.

पैसा कुठून येतो

केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला ७५,०२१ कोटी रुपयांची मंजुरी दिली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसवायचे, असं उद्दिष्ट आहे. योजनेची मुदत आर्थिक वर्ष २०२६-२७ पर्यंत आहे, म्हणजे मार्च २०२७ हा टप्पा डोळ्यासमोर ठेवूनच हिशेब करायला हवा.

घरासाठीचं अनुदान असं आहे. पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये. तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये. म्हणजे तीन किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये, आणि संच त्याहून मोठा घेतला तरी रक्कम तेवढीच. एक किलोवॅटच्या संचाला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. दिवसाला सरासरी चार युनिट, महिन्याला शंभर ते एकशे वीस युनिट वीज त्यातून मिळते. पंखे, दिवे, टीव्ही आणि फ्रिज एवढंच असलेल्या घराला एक-दोन किलोवॅट पुरतात. विक्रेता पाच किलोवॅटचा आग्रह धरत असेल तर आधी मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून बघा.

या केंद्रीय रकमेवर महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये स्वतःची भर घातली. 'स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप' असं तिचं लांबलचक नाव. लोक तिला 'स्मार्ट' योजना म्हणतात. ही महावितरणच्या ग्राहकांसाठी आहे आणि त्यातही दारिद्र्यरेषेखालच्या व महिन्याला शंभर युनिटांपेक्षा कमी वीज वापरणाऱ्या घरांसाठी. एक किलोवॅटच्या संचाचा खर्च ५०,००० रुपये धरला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० मिळतात. घरातून फक्त २,५०० रुपये भरायचे. शंभर युनिटांखालच्या इतर घरांना राज्य १०,००० रुपये देतं, म्हणजे घरचा वाटा १०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या घरांना राज्याकडून १५,००० आणि घरचा वाटा ५,००० रुपये.

इथे आपल्या वाचकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही. जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपडा या भागांतले तडवी भिल्ल कुटुंब मुस्लिम असलं तरी अनुसूचित जमातीत मोडतं आणि त्या दराने अर्ज करू शकतं. जात प्रमाणपत्र घरात ट्रंकेत पडून असेल तर ते बाहेर काढायची ही वेळ आहे.

सोसायटीचं गणित

मुंब्रा, मीरा रोड, कोंढवा, भिवंडी, मालेगाव. आपली मोठी वस्ती आता इमारतींत राहते. एका फ्लॅटवाल्याला छतावर स्वतःचा संच बसवणं अवघड जातं, कारण छत सगळ्यांचं. त्यासाठी योजनेत वेगळी तरतूद आहे. गृहनिर्माण संस्थेला सामायिक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि आवारातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग यांसाठी प्रत्येक किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. मर्यादा दर घरामागे तीन किलोवॅट आणि एकूण ५०० किलोवॅट. कुणा सभासदाने स्वतंत्र संच बसवला असेल तर तोही याच मर्यादेत मोजला जातो.

उदाहरण घेऊ. चाळीस फ्लॅटची सोसायटी आहे आणि लिफ्ट-पंपासाठी तिला दहा किलोवॅटचा संच हवा आहे. किलोवॅटला ५०,००० रुपये खर्च धरला तर पाच लाख रुपये. अनुदान एक लाख ऐंशी हजार. उरले तीन लाख वीस हजार, म्हणजे फ्लॅटमागे आठ हजार रुपये. हा संच महिन्याला साधारण अकराशे युनिट देईल. सोसायटीला युनिट दहा रुपयांना पडतं असं धरलं, तर महिन्याला अकरा हजार रुपये वाचतात. अडीच वर्षांच्या आसपास पैसे वसूल होतात आणि पॅनेलचं आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचं असतं. तुमचा दर आणि तुमचा कोटेशनचा आकडा वेगळा असेल. तो या ओळींत घालून स्वतः हिशेब करा. पण हिशेब सर्वसाधारण सभेत फळ्यावर मांडा. मेंटेनन्स कमी होणार, हे सभासदाला आकड्यात दिसलं की आठ हजार काढायला तो फार कुरकुर करत नाही.

अडचण पुढे येते. कित्येक इमारतींत सामायिक वीज मीटर आजही बिल्डरच्या नावावर आहे. बिल्डर कधीचा निघून गेला, सोसायटी दर महिन्याला बिल भरते, पण कागदावर ग्राहक तोच. काही ठिकाणी सोसायटीची नोंदणीच झालेली नाही. चार जुनी माणसं वर्गणी गोळा करतात आणि कारभार चालतो. अशा इमारतीला अनुदान मागायला उभं राहायला जागाच नाही. आधी सोसायटीची नोंदणी, मग मीटर सोसायटीच्या नावावर, मग सर्वसाधारण सभेचा ठराव, आणि त्यानंतर अर्ज. हा क्रम उलटा करता येत नाही.

मशीद आणि मदरसा यांचं काय

सूर्यघर योजनेत लाभार्थी दोनच प्रकारचे आहेत: राहतं घर आणि गृहनिर्माण संस्था. मशीद, मंदिर, चर्च, शाळा, मदरसा, दवाखाना यांपैकी कुणीही त्यात नाही. हा नियम सगळ्यांना सारखा आहे. मशिदीचा अर्ज नाकारला म्हणून कुणी भेदभावाची आरोळी ठोकत असेल, तर त्याला हा नियम दाखवावा. खऱ्या भेदभावाविरुद्ध बोलायची वेळ येईल तेव्हा आपला शब्द खरा मानला जायला हवा.

खासदार निधीतूनही धार्मिक स्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर काम करता येत नाही. सार्वजनिक रस्त्यावरचे सौर दिवे मात्र मागता येतात. मोहल्ल्यातल्या अंधाऱ्या गल्लीसाठी विश्वस्तांनी मशिदीच्या लेटरहेडवर पत्र देण्यापेक्षा नगरसेवक किंवा ग्रामपंचायतीमार्फत मागणी नेली तर ती नियमात बसते.

मशिदीने अनुदानाशिवाय सोलर बसवायचं का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बरेचदा होकारार्थी येतं. महाराष्ट्रात फक्त इबादतीसाठी वापरली जाणारी जागा घरगुती वीजदरात मोडते. तीच जागा हॉल म्हणून भाड्याने दिली तर तेवढ्या भागाला व्यावसायिक दर लागतो. याचा हिशेब स्वच्छ ठेवा. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची वीज ग्रीडला जाते आणि ते युनिट आपल्या खात्यावर जमा राहतात. आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंत ते पुढच्या बिलांत वळते होतात. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतोय. म्हणजे एप्रिलपासून वाचवलेले युनिट तरावीहच्या दिवसांत, पंखे-दिवे रात्री उशिरापर्यंत चालू असताना, कामी येतात. ३१ मार्चनंतर हिशेब नव्याने सुरू होतो. मशिदीसाठी हे वेळापत्रक सध्या तरी सोयीचं बसलं आहे. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हा फायदा मशिदीला, मदरशाला, सगळ्यांना मिळतो. कोटेशनमध्ये तो दिसतोय का, ते तपासा.

सामुदायिक सोयींसाठी आणखी दोन वाटा आहेत. पहिली, केंद्राचा 'प्रधानमंत्री जनविकास कार्यक्रम'. अल्पसंख्याकबहुल भागांत शाळा, वसतिगृह, दवाखाना, पाणी, स्वच्छता यांबरोबर सौरऊर्जेची कामंही त्यात धरली आहेत. यात ट्रस्टने थेट अर्ज करायचा नसतो. प्रस्ताव सरकारी यंत्रणेकडून जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती तो पुढे पाठवते. तुमच्या भागातल्या उर्दू जिल्हा परिषद शाळेवर किंवा आरोग्य केंद्रावर सोलर हवं असेल तर मागणी त्या कार्यालयातून वर जायला हवी. दुसरी वाट, राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाचा ग्रामीण क्षेत्र विकास कार्यक्रम. कब्रस्तानाचं कुंपण, रस्ता, पाणी, वीजपुरवठा, पथदिवे अशी कामं त्यात येतात आणि प्रस्ताव ग्रामपंचायतीमार्फत जातो. ग्रामसभेत आपली माणसं हजर नसतील तर हा प्रस्ताव कोण मांडणार?

अर्ज नेमका कुठे अडतो

योजना वाचायला सोपी आहे. अडचण निघते ती घरातल्या कपाटात. आमच्या अनुभवात अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत.

पहिली, नाव. वीजबिल आजोबांच्या नावावर, आजोबांचा इंतकाल होऊन पंधरा वर्षं झाली. घर तीन भावांत वाटलं गेलं, पण मीटर तिथेच. दुसऱ्या घरात आधारवर 'अब्दुल रहमान', बँकेत 'अ. रेहमान', बिलावर 'शेख रहेमान इब्राहिम'. माणूस एकच, पण कॉम्प्युटरला तीन दिसतात. अनुदान अर्जदाराच्या बँक खात्यात येतं. नावं जुळली नाहीत तर संच बसतो, वीज सुरू होते आणि पैसे मात्र अडकून पडतात. म्हणून अर्जाआधी बिलावरचं नाव बदलून घ्या. वारसाचं काम असेल तर मृत्यू दाखला आणि भावा-बहिणींची संमती लागेल. बहिणींची सही घेताना त्यांचा हिस्साही लक्षात ठेवा. कागदापुरती सही आणि नंतर विसर, असं होऊ नये.

दुसरी, थकबाकी. जुन्या बिलाचा वाद चालू असेल तर तो मिटवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

तिसरी, घाई. कुणीतरी दारावर येतो, 'आधी बसवून टाका, सबसिडी नंतर काढून देतो' म्हणतो. हे करू नका. क्रम असा आहे: राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक घालून नोंदणी, वीज कंपनीची मान्यता, पोर्टलवर नोंदलेल्या विक्रेत्याची निवड, संच बसवणं, नेट मीटर, तपासणी, आणि शेवटी बँकेचा तपशील. पॅनेल देशात बनलेलेच हवेत, नाहीतर अनुदान नाही. विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची आहे. ती करारात लिहून घ्या. पोर्टलवर नोंदणीला पैसे लागत नाहीत. 'फॉर्मचे पाचशे' मागणाऱ्याला नमस्कार करा.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले. दहा किलोवॅटपर्यंतच्या संचाला आता तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची गरज नाही. त्यापेक्षा मोठ्या संचाचा अभ्यास पंधरा दिवसांत व्हायला हवा. काउंटरवर कुणी 'साहेब सुट्टीवर आहेत, पुढच्या महिन्यात या' म्हणालं तर हा नियम सांगा आणि अर्जाची पोच हातात घ्या. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा, भिवंडी आणि मुंब्रा-शीळ-कळव्यात टोरंट, मालेगावात वेगळी फ्रँचायझी कंपनी, बाकी बहुतेक ठिकाणी महावितरण. आपलं काम कुणाच्या खिडकीवर आहे ते बिलावर लिहिलेलं असतं. फ्रँचायझीच्या भागात राज्याच्या 'स्मार्ट' योजनेचा अर्ज कसा घेतात, ते त्या कार्यालयात लेखी विचारा.

एक गैरसमजही दूर करू. अनुदानाचा संच ग्रीडला जोडलेला असतो. लाइट गेली की तोही बंद पडतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून तसं केलेलं असतं. भारनियमनावर हा उपाय नाही. बिल कमी करण्यावर आहे. बॅटरी हवी तर तिचा खर्च वेगळा आणि त्यावर हे अनुदान नाही. आणि घरातच यंत्रमाग असेल, त्याचं कनेक्शन वेगळ्या प्रवर्गात असेल, तर त्या मीटरवर घरगुती अनुदान मागता येणार नाही.

सूद नको असेल तर

अनुदान संच बसल्यावर येतं. आधी खिशातून पैसे घालावे लागतात. त्यासाठी सरकारी बँका तीन किलोवॅटपर्यंतच्या संचाला दोन लाखांपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्याज साधारण सहा टक्क्यांच्या आसपास. आपल्यातली बरीच कुटुंबं इथेच थांबतात. सूद घ्यायचा नाही, द्यायचा नाही. हा त्यांचा निर्णय आहे आणि त्याचा मान राखूनच पुढचा मार्ग शोधायला हवा.

मार्ग आहेत. रक्कम बघा: 'स्मार्ट' योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला २,५०० रुपये कमी पडतात. दोन किलोवॅटच्या घराला, एक लाख खर्च धरला तर, साठ हजार अनुदान परत येणार असतं. म्हणजे प्रश्न बरेचदा काही आठवडे-महिने पैसे फिरवण्याचा असतो. जमातीच्या बैतुलमालमधून किंवा चार सधन माणसांच्या कर्ज-ए-हसनातून हा फिरता निधी उभा राहू शकतो. पाच लाखांचा निधी असेल तर अनुदान परत येईल तसा तो पुढच्या घराकडे जातो आणि तेच पैसे वर्षात अनेक घरांना पुरतात. कोकणातल्या कित्येक जमातींना आखातात, आफ्रिकेत, इंग्लंडात असलेल्या आपल्या माणसांकडून मशिदीसाठी निधी येतो. त्यांना हा हिशेब सांगितला तर ते ऐकतील, असं आम्हाला वाटतं. परदेशातला पैसा ट्रस्टच्या खात्यात घेताना मात्र आपल्या ऑडिटरला विचारूनच घ्या. जकातीचा पैसा यात वापरता येईल का, हे आपल्या आलिमांना विचारावं; त्यावर निकाल देणं आमचं काम नाही.

दुसरा मार्ग 'रेस्को' नावाचा. यात कंपनी स्वतःच्या खर्चाने छतावर संच बसवते आणि घरमालक वापरलेल्या युनिटांचे पैसे देतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने याचे नियम सूर्यघर योजनेसाठी जाहीर केले. करार संपल्यावर संच घरमालकाचा होतो. करारातला युनिटचा दर आणि मुदत मात्र वकिलाकडून वाचून घ्या.

दरवाजा कुणाला बंद आहे

इथपर्यंतच्या गोष्टी कागद सुधारले की सुटतात. पण एक मोठा भाग असा आहे जिथे कागदच होऊ शकत नाहीत, आणि त्याबद्दल गप्प राहणं बरोबर नाही.

ही योजना छताच्या मालकीवर उभी आहे. ज्याचं छत नाही त्याला ती नाही. भिवंडीत लूमवर काम करून भाड्याच्या खोलीत राहणारं कुटुंब, मुंबईतल्या झोपडपट्टीतलं पत्र्याचं घर, अनधिकृत ठरवलेल्या इमारतीत आयुष्याची कमाई घालून घेतलेला फ्लॅट. बिल हीच माणसं भरतात, दारिद्र्यरेषेखाली यांतलीच बरीच आहेत, आणि अनुदानाच्या रांगेत ती उभीच राहू शकत नाहीत. 'गरिबांसाठी' असलेल्या योजनेचा २,५०० रुपयांचा संच मिळवायला आधी शंभर चौरस फूट स्वतःचं छत लागतं. शहरातल्या गरिबाकडे नेमकं तेच नसतं. हा प्रश्न फक्त मुस्लिमांचा नाही; धारावीत आणि प्रत्येक शहराच्या कडेला तो सगळ्यांचा आहे. पण आपली शहरी वस्ती दाटीची असल्याने आपल्याला तो जास्त जाणवतो.

यावर तोडगा नियमांतच दडलेला आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत समूह आणि आभासी नेट मीटरिंगला अनुदानासाठी पात्र धरलं आहे. साध्या भाषेत सांगायचं तर संच एका ठिकाणी बसतो आणि त्याची वीज दुसरीकडे असलेल्या अनेक घरांच्या बिलांत वाटून वजा होते. पालिकेच्या शाळेचं छत, बाजार समितीची शेड, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा अशा ठिकाणी संच बसवून भाडेकरू आणि चाळकरी यांना वाटेकरी करता येईल. आमदारांकडे, पालिकेकडे, वीज कंपनीकडे मागायची असेल तर ही गोष्ट मागा. 'आमच्या मशिदीवर सोलर द्या' या मागणीपेक्षा 'आमच्या वॉर्डातल्या दोनशे भाडेकरूंना पालिका शाळेच्या छतावरून वीज द्या' ही मागणी जास्त घरांपर्यंत जाते, आणि तिच्या मागे शेजारच्या वस्तीतले बिगरमुस्लिमही उभे राहतात.

एकजुटीने काय होतं, याचं उदाहरण जवळच आहे. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरली. लहान गाव, पण घराघराने मिळून काम केलं. सूर्यघर योजनेत प्रत्येक जिल्ह्यातल्या एका आदर्श सौरग्रामाला एक कोटी रुपये ठेवले आहेत. पाच हजारांवर लोकसंख्येची गावं त्या स्पर्धेत उतरतात. कोकणात, मराठवाड्यात, खानदेशात आपली वस्ती मोठी असलेल्या अशा गावांत जमात आणि ग्रामपंचायत एकत्र बसली तर हे अशक्य नाही.

जमातीने काय करावं

मोठ्या सभेची गरज नाही. मशिदीच्या ऑफिसात किंवा मदरशाच्या एका खोलीत आठवड्यातून दोन संध्याकाळी एक टेबल लावा. त्यावर लॅपटॉप, प्रिंटर आणि कॉलेजात जाणारे दोन-तीन मुलं-मुली. पहिला महिना अर्ज भरूच नका. फक्त नावं जुळवा. वीजबिल, आधार, बँक पासबुक शेजारी ठेवायचं आणि फरक असेल तर दुरुस्तीचा फॉर्म भरायचा. हे काम एकदा झालं की ते सोलरपुरतं राहत नाही. शिष्यवृत्तीला, रेशनला, पेन्शनला तेच कागद लागतात.

महिलांसाठी वेगळी वेळ ठेवा. घराचं बिल कोण बघतं, किती युनिट आले, गेल्या मेमध्ये किती होते, हे बहुतेक घरांत आईला नाहीतर सुनेला ठाऊक असतं. त्यांना टेबलापर्यंत येता आलं नाही तर निम्मी माहिती घरीच राहते.

दुसऱ्या महिन्यात घरं तीन ढिगांत वाटा. 'स्मार्ट' योजनेत बसणारी, साध्या सूर्यघर अनुदानात बसणारी आणि छत नसलेली. पहिल्या दोन ढिगांचे अर्ज भरा. तिसऱ्या ढिगाची यादी, ग्राहक क्रमांकासह, लेखी निवेदनाला जोडून पालिकेकडे द्या. वीस-तीस घरं एकत्र असतील तर विक्रेताही दर कमी करतो. किमान तीन कोटेशन घ्या आणि विश्वस्तांच्या नात्यातला विक्रेता असेल तर ते सगळ्यांसमोर सांगा. गावात एकदा 'कमिशन खाल्लं' अशी कुजबुज सुरू झाली की टेबल बंद पडतं.

मशिदीच्या स्वतःच्या कागदांकडेही याच निमित्ताने बघा. वक्फ मालमत्तांची माहिती भरण्यासाठी ६ जून २०२५ ला उम्मीद पोर्टल सुरू झालं आणि सहा महिन्यांची मुदत दिली गेली, तेव्हा किती ठिकाणी धावपळ झाली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. जुना उतारा सापडत नव्हता, मुतवल्लींचं नाव बदललेलं नव्हतं, ऑडिट राहिलेलं होतं. उद्या कोणतीही योजना आली तरी पहिल्या पानावर हेच विचारलं जाईल: जागा कुणाची, ट्रस्ट नोंदलेला आहे का, हिशेब तपासलेले आहेत का.

सूर्य सगळ्या छतांवर सारखाच तापतो, अनुदान मात्र ज्याचे कागद तयार आहेत त्याच्याच खात्यात जातं. मार्च २०२७ लांब वाटतो, पण नावाच्या दुरुस्तीला, वारसाच्या सह्यांना आणि सोसायटीच्या नोंदणीला महिने लागतात. आज घरी गेल्यावर वीजबिल काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. अर्जाची सुरुवात तिथून होते.